पैनगंगेकाठचे कोलाम पोड

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवरून पैनगंगा वाहते. पलीकडे तेलंगणातील आदिलाबाद. अलीकडे केळापूर, झरी जामणी, मारेगाव आणि घाटंजी या तालुक्यांत सागाचे जंगल, मुरमाड टेकड्या आणि कापसाची काळी जमीन आलटून पालटून येते. मुख्य गावापासून थोडी बाजूला, बहुतेकदा रानाच्या कडेला, कोलामांची लहानशी वस्ती असते. तिला पोड म्हणतात. पोडात घरी कोलामी बोलली जाते. बाजारात, शाळेत आणि तहसिलीत मराठी.

कोलामी ही द्राविड भाषा आहे. कोलामांचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या गोंडांचा, तरी कोलामी ही गोंडीची बोली नव्हे. तिचे जवळचे नाते नायकी, परजी या मध्य द्राविड भाषांशी आहे. एक ते चार हे आकडे तिचे स्वतःचे आणि पाच ते दहा तेलुगूतून आलेले आहेत. म्हणजे या लोकांचा तेलुगू मुलखाशी संबंध आजच्या सीमेपेक्षा कितीतरी जुना असला पाहिजे. एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ 1955 मध्ये निघाला आणि भाषाशास्त्रात तिला हक्काचे स्थान मिळाले.

पोडाचा कारभार नाईक पाहतो. महाजन आणि कारभारी त्याच्या जोडीला असतात. भीमायक हे मोठे दैवत. आदिलाबादच्या गोंडांत राहून अभ्यास केलेल्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी एक लक्षणीय गोष्ट नोंदवली आहे: गोंड लोक स्थानिक देवांच्या पूजेसाठी कोलाम पुजारी बोलावत. जमिनीचे मूळ धनी कोण, याची ही कबुलीच म्हणायची.

नदी मात्र नेहमीच सीमा नव्हती. 1803 च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला आणि पैनगंगेचे दोन्ही काठ एकाच राज्यात आले. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर नदी दोन कारभारांमधली रेघ झाली. वणी या नावाने ओळखला जाणारा जिल्हा 1905 मध्ये यवतमाळ झाला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत उत्तरकाठ मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, दक्षिणकाठ आंध्र प्रदेशात गेला. 1960 मध्ये महाराष्ट्र आणि 2014 मध्ये तेलंगण झाले. या प्रत्येक फेरफारात कोलाम दोन्ही काठांवर होतेच. बदलत गेली ती त्यांची दुसरी भाषा. उत्तरेला मराठी पक्की झाली, दक्षिणेला तेलुगूचा जोर वाढला.

जगण्याची घडी जंगलाच्या कायद्यांनी मोडली. पूर्वी कोलाम फिरती शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगले राखीव झाली आणि त्याच काळात कापसाच्या ओढीने शेतकरी खालच्या सुपीक जमिनीवर पसरले. मधल्या अरुंद पट्ट्यात पोड स्थिरावले. शेतमजुरी, हलक्या जमिनीतली कोरडवाहू शेती, बांबूच्या टोपल्या आणि तट्टे यांवर संसार चालू लागला. बहुतेक पोडांना स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा नसतो. त्यांची नोंद शेजारच्या गावात होते. त्यामुळे जिल्ह्याच्या लिखित इतिहासात पोड फार क्वचित येते, आणि ही उणीव मोठी आहे.

महाराष्ट्रात कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामांची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. 2011 च्या जनगणनेत देशभरात कोलामी मातृभाषा सांगणारे सव्वा लाखाहून थोडे अधिक होते. या भाषेला स्वतःची रूढ लिपी नाही. उत्तरकाठी ती देवनागरीत लिहितात, दक्षिणकाठी तेलुगू लिपीत.