घरगुती विद्युत्संचयाचा हिशेब

धान्य कणगींत भरून ठेवतां येतें. वीज मात्र निर्माण होतांच वापरावी लागते. ही अडचण दूर करण्याचा मार्ग गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं दाखविला. शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून त्यानें पुनःपुन्हां भरतां येणारा घट, म्हणजे बॅटरी, सिद्ध केली. पण ती घरांत ठेवणें परवडेल काय?

अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं चार्ल्स ब्रश यानें १८८८ सालीं आपल्या वाड्याच्या आवारांत १४४ पात्यांची पवनचक्की उभारली व तळघरांत ४०८ घट मांडले. वारा फुकट होता. घट फुकट नव्हते. ब्रश धनाढ्य, म्हणून त्यास हिशेबाची फिकीर नव्हती.

खरा हिशेब शेतकऱ्यांनीं केला. १९१६ पासून डेल्को-लाइट नांवाचा संच मिळूं लागला. लहानसें तेलाचें एंजिन कांचपात्रांतील १६ घट भरी व घरास ३२ व्होल्टची वीज मिळे. शहरी विजेहून ती महाग होती. परंतु शेतावर तार पोंचलीच नव्हती. तेथें तुलना होती ती रॉकेलच्या दिव्याशीं व हातानें उपसलेल्या पाण्याशीं. त्यामुळें ज्यांस शक्य होतें त्यांनीं ती घेतली. पुढें १९३५ सालीं रूझवेल्ट सरकारनें ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें काढलें. सहकारी संस्थांना कर्जें मिळालीं, खेडोपाडीं तारा गेल्या आणि असे संच मागें पडले. घटांचे गुण घटले नव्हते. त्यांची गरज सरली होती.

महाराष्ट्रांतहि भारनियमनाच्या दिवसांत अनेक घरीं इन्व्हर्टर आला, तो वीज स्वस्त पडते म्हणून नव्हे, तर मुलांचा अभ्यास अंधारांत बुडूं नये म्हणून.

१९९१ सालीं लिथियम-आयन घट बाजारांत आले आणि आज छपरावरच्या सौरविजेसाठीं ते घरोघरीं सुचविले जातात. रीत मात्र जुनीच. समजा, एक लाख रुपयांची बॅटरी प्रत्येक वेळीं ५ युनिटें, अशी ४,००० वेळां देते. एकूण २०,००० युनिटें. म्हणजे निव्वळ सांठवणुकीचा खर्च युनिटामागें ५ रुपये. भरतां-काढतां होणारी तूट वेगळीच. सांठविलेल्या व विकत घेतलेल्या विजेच्या दरांतील अंतर याहून कमी असेल, तर केवळ बचतीसाठीं बॅटरी घेणें तोट्याचें.

जेथें तार विश्वासू, तेथें आंकड्यांनींच निर्णय करावा. जेथें ती रोज दगा देते, तेथें अंधारानें होणारें नुकसानहि वहींत मांडावें. मगच बेरीज करावी.