गिरणी जमिनींचा पुनर्विकास आणि लोकसहभाग : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : नागपूर व मुंबई)

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्यातील सेलू, हिंगणघाट, पुलगाव हा भाग कापूस पिकविणारा. हा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ असल्याने जमशेटजी टाटा यांनी मुंबईऐवजी नागपूरची निवड केली व १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधीसारख्या योजना या गिरणीने एकोणिसाव्या शतकातच राबविल्या. १९८६ मध्ये ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेच्या काही भागावर पुढे मॉल उभा राहिला. गिरणी बंद पडली की यंत्रे भंगारात जातात, कामगार घरी जातात, जमीन मात्र जागेवरच राहते. या जमिनीचे काय करावयाचे हे कोणी ठरवावे, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

अनुदान आणि लोकसहभाग :

उद्योगासाठी वापरून झालेल्या व पडून राहिलेल्या जमिनीस पाश्चात्य देशांत 'ब्राउनफील्ड' म्हणतात. अशा जमिनीत तेल, रंग, रसायने मुरलेली असण्याची शक्यता असते. त्यामुळे तिच्या शुद्धीकरणाचा खर्च मोठा असतो आणि खाजगी गुंतवणूकदार पुढे येत नाहीत. अमेरिकेत १९९५ पासून केंद्रीय पर्यावरण संस्थेने यासाठी अनुदान देण्यास प्रारंभ केला. २००२ च्या कायद्याने त्यास भक्कम आधार मिळाला. शुद्धीकरणाचे अनुदान मागणाऱ्या संस्थेस अर्जाचा मसुदा आधी स्थानिक रहिवाशांपुढे ठेवावा लागतो. जर्मनीतील रूर खोऱ्यात १९८९ ते १९९९ या काळात शासकीय निधीतून एम्शर पार्क योजना राबविली गेली. तेथे १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना पाडून न टाकता त्याचे सार्वजनिक उद्यान करण्यात आले. अनुदान ज्याच्या हाती असते तो अटी घालू शकतो आणि लोकांचे म्हणणे ऐकणे ही त्यांपैकी एक अट असू शकते.

महाराष्ट्रात हा मार्ग अवलंबिला गेला नाही. भारतात दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियमच मुळी २०२५ मध्ये आले. मुंबईत तर अनुदानाची गरजही कोणास भासली नाही, कारण तेथे जमीन हाच खजिना होता.

मुंबईचा अनुभव :

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वपदावर आल्याच नाहीत. जमीन विकून गिरण्यांचे पुनरुज्जीवन करावे व कामगारांची देणी भागवावीत, असा विचार पुढे आला. त्यातून १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ समाविष्ट झाला. त्यानुसार जमिनीचा साधारणतः एकतृतीयांश भाग महापालिकेस मोकळ्या जागांसाठी, तेवढाच म्हाडास घरांसाठी आणि उरलेला मालकास विकासासाठी मिळावयाचा होता. कागदावर हा नियम समतोल होता.

१९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा अभ्यास केला. भूखंडागणिक तुकडे न करता या जमिनींचा एकत्रित आराखडा करावा, असे समितीने सुचविले. ही सूचना अमलात आली असती तर परळ-लालबागचे रूप वेगळे झाले असते. परंतु २००१ मध्ये नियमातच बदल झाला. वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेची होईल, गिरणीच्या इमारती पाडल्यावर मोकळी होणारी जागा त्यात धरली जाणार नाही, असे ठरले. गिरण्यांच्या बहुतेक जागेवर शेड व इमारती होत्या, हे लक्षात घेतले तर या एका शब्दरचनेने सार्वजनिक वाटा किती घटला याची कल्पना येते.

१९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात आराखड्यातील फेरबदलापूर्वी हरकती व सूचना मागविण्याची तरतूद आहे. पण राजपत्रातील सूचना चाळीतील कामगार कधी वाचणार? लोकसहभागाची जागा अखेर न्यायालयाने घेतली. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये सार्वजनिक वाट्याच्या बाजूने निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. दरम्यान २००५ मध्येच मुंबई टेक्सटाइल मिल ७०२ कोटी व कोहिनूर मिल क्रमांक ३ ही ४२१ कोटी रुपयांना विकली गेली होती. ज्यांच्या श्रमावर ही वस्ती उभी राहिली त्यांच्या आठवणी नोंदविण्याचे काम नीरा आडारकर व मीना मेनन यांनी केले. त्यांचा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नियोजनाच्या कोणत्याही टप्प्यावर शासनाने असे काही करविले असते तर ते अधिक उपयोगी ठरले असते.

घरांसाठी सुमारे दीड लाख कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. २८ जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, तर मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. एव्हाना मूळ अर्जदारांपैकी अनेकांच्या जागी त्यांची मुले उभी होती.

इंदू मिल :

दादरच्या चैत्यभूमीलगतची इंदू मिल हा यातील अपवाद होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी ही जागा मिळावी, ही मागणी आंबेडकरी जनतेने दीर्घकाळ लावून धरली. ६ डिसेंबर २०११ रोजी आंदोलक थेट गिरणीच्या आवारात शिरले. पुढील वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र शासनाने जमीन देण्याचे जाहीर केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. सुमारे १२ एकरांची ही जागा लिलावात गेली नाही. तिचा उपयोग कशासाठी व्हावा हे लोकांनी आधी ठरविले होते आणि पैसा त्यामागून सार्वजनिक तिजोरीतून आला. स्मारकाच्या आराखड्याचे निर्णय मात्र शासनस्तरावरच होत राहिले. पुतळ्याची उंची २५० फुटांवरून ३५० फूट करण्याचा निर्णय जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला.