नावाआधी काय लिहायचं?

गोवंडीतल्या आमच्या बचत गटांत कुणी ताई, कुणी मावशी, कुणी आपा. हाक मारताना काही अडत नाही. अडतं ते फॉर्म भरताना. नावाआधी सौ. लिहायचं, श्रीमती, की गं. भा.?

आधी आपला 'बाई' शब्द बघू. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या भक्त बाइसा भेटतात. पुढे जिजाबाई, अहिल्याबाई आणि १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई. शाळेत अजूनही 'बाई' म्हणजे शिक्षिका. पण घरकामाला जाणाऱ्या आपल्या बहिणीला 'कामवाली बाई' म्हणतात, तेव्हा त्याच शब्दातला मान निघून जातो.

'सौ.' म्हणजे सौभाग्यवती, जिचा नवरा हयात आहे ती. 'गं. भा.' म्हणजे गंगाभागीरथी. नाव पवित्र नदीचं, पण सांगायचं एवढंच की नवरा गेला. पुरुषांना मात्र जुन्या पत्रांत 'रा. रा.' लिहीत, म्हणजे राजमान्य राजेश्री. आता 'श्री.' लिहितात. त्यावरून त्यांची बायको आहे की नाही, काही कळतं का?

'श्रीमती'चा मूळ अर्थ 'श्री' असलेली, म्हणजे शोभा-संपत्ती असलेली. त्यात नवऱ्याचा संबंधच नाही. पण आपल्याकडे तो विधवांसाठी जास्त वापरला गेला, म्हणून कितीतरी जणी तो लावून घ्यायला घाबरतात.

रमाबाईंना १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हटलं. १८८० मध्ये त्यांचं लग्न झालं, १८८२ मध्ये पती वारले. तरी त्या पंडिताच राहिल्या, कारण तो मान त्यांच्या विद्येचा होता.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. २०२३ मध्ये सरकारी पातळीवर 'विधवा'ऐवजी 'गंगाभागीरथी' म्हणावं अशी सूचना आली, तेव्हा अनेक बायकांनी विरोध केला. शब्द गोड केला तरी शिक्का तोच राहतो.

नवरा गेला म्हणून सभासदाची बचत कमी होत नाही, सही बदलत नाही. मग रजिस्टरात तिचं नाव का बदलावं? आमच्या रजिस्टरात सगळ्याच 'श्रीमती' आहेत. लग्न झालेली, न झालेली, नवरा गेलेली, सोडलेली, सगळ्या एका रांगेत. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.