वैऱ्याचा गहू

१९७२ च्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. त्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळे. ही ज्वारी अमेरिकेतून आलेली. तिकडे ती गुरांना घालतात, असे मास्तर सांगत. ते खरेच होते. मला मात्र एवढेच कळे की भाकरी लाल होते आणि घशाखाली उतरत नाही. त्याच वर्षी जगाच्या बाजारात गव्हाचा केवढा सौदा झाला होता, हे पुढे वाचनात आले आणि माझे बरेच भ्रम फुटले.

८ मे १९७२ रोजी निक्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात पाणसुरुंग पेरण्याचा हुकूम जाहीर केला. त्या बंदरात सोव्हिएत जहाजे ये-जा करीत. आता ठिणगी पडणार, असे जगाला वाटले. पण दोनच आठवड्यांनी निक्सन मॉस्कोत उतरले. २६ मे रोजी त्यांनी आणि ब्रेझनेव्ह यांनी अण्वस्त्रांवरील मर्यादेच्या करारावर सह्या केल्या. ८ जुलै रोजी अमेरिकेने सोव्हिएत संघाला धान्यखरेदीसाठी तीन वर्षांत ७५ कोटी डॉलरची उधारी जाहीर केली. याच अमेरिकेने सात महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशाच्या युद्धापायी भारताची आर्थिक मदत रोखली होती. ज्याच्यावर क्षेपणास्त्रे रोखलेली, त्याला उधारी; आणि लोकशाहीचा सोबती म्हणून ज्याचे गोडवे गायचे, त्याला शिक्षा!

मॉस्कोचीही निकड होती. १९७२ मध्ये तिथले पीक बुडाले होते. डिसेंबर १९७० मध्ये शेजारच्या पोलंडमध्ये अन्नाच्या भाववाढीवरून कामगार रस्त्यावर आले आणि कामगारांच्या नावाने चालणाऱ्या सरकारने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते चित्र मॉस्को विसरली नव्हती. तिच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकन धान्यकंपन्यांशी वेगवेगळे, गुपचूप सौदे केले. आपली निकड उघडी पडली तर भाव चढेल, हे त्यांना ठाऊक होते. एक कोटी टनांहून अधिक गहू, म्हणजे अमेरिकेच्या पिकाचा सुमारे चौथा हिस्सा, स्वस्तात गेला. कंपन्यांना निर्यातीचे अनुदान मिळाले, ते अमेरिकन करदात्याच्या खिशातून. अविश्वासाने व्यापार अडला नाही. अविश्वास हेच व्यापाराचे हत्यार झाले.

मग बिल कोणी भरले? सौद्यापूर्वी सुमारे २७ किलोच्या बुशेलला दीड-पावणेदोन डॉलर पडणारा गहू १९७४ च्या आरंभी पाच डॉलरच्या वर गेला. एकट्या या सौद्यानेच भाव चढला असे नाही. पण जगाची कोठारे रिकामी करण्यात त्याचा वाटा मोठा होता. दुष्काळाने गांजलेला भारत याच बाजारात धान्य घ्यायला उभा होता. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने भारताला २० लाख टन धान्य उसने दिले. आपण आभार मानले. भाव चढवणाऱ्यांतलाच एक आपल्याला उसने देत होता, हे मात्र कोणी बोलले नाही.

पुढचा इतिहासही तसाच. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या म्हणून जानेवारी १९८० मध्ये कार्टर यांनी धान्यविक्रीवर बंदी घातली. ती पोकळी भरली अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी. आपल्या देशात डाव्यांना रातोरात नाहीसे करणारे हे लोक मॉस्कोला मजेत धान्य विकत होते. एप्रिल १९८१ मध्ये रेगन यांनी बंदी उठवली, कारण अमेरिकन शेतकऱ्याला त्यांनी तसा शब्द दिला होता. मार्च १९८३ मध्ये त्यांनी सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हटले. ऑगस्टमध्ये त्यांच्याच सरकारने वर्षाला किमान ९० लाख टन धान्य विकण्याचा करार केला.

हे वैर खोटे होते, असे मी म्हणत नाही. व्हिएतनाममध्ये, अफगाणिस्तानात माणसे खरोखर मेली. पण वैराची झळ आणि व्यापाराचा नफा वेगवेगळ्या घरी जात होता.

आमच्या गावात दोन तट होते. दोन्ही वाडे बांधावरून कोर्टात भांडत, एकमेकांच्या घरचे पाणी पीत नसत. पण आमच्या लोकांनी मेलेली गुरे ओढायचे नाकारले, तेव्हा दोन्ही वाड्यांनी एकाच दिवशी आमची मजुरी बंद केली. आमच्यातले काही मात्र तरीही कोणता वाडा बरा, यावर भांडत राहिले.

चळवळीतही आम्ही तेच केले. १९७४ मध्ये पँथर फुटली, तेव्हा मार्क्स की बुद्ध हा वाद पेटला होता. तो विचारांचा वाद होता, तो व्हायलाच हवा. पण त्याच्या आडून एकमेकांना रशियाचा हस्तक, अमेरिकेचा हस्तक म्हणायची सवय लागली. त्या दोघांची मात्र एकमेकांशी उधारी चालू होती!

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला, रीत संपली नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. रशियाचा निषेध करणारा युरोप त्याचा वायू विकत घेत राहिला, आणि गव्हाचा भाव भडकला तो आफ्रिकेतल्या गरिबाच्या ताटात.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच. महासत्तांची भाषणे जरूर वाचा, पण आधी त्यांची खातेवही वाचा. कोणाचा झेंडा उचलायचा, हे नंतर ठरवू. कोठार कोणाचे आणि खडी कोण फोडतो, हे आधी विचारू.