हिंगोली जिल्ह्यातील एचआयव्हीबाधित गर्भवती आणि रक्तदाबाचा प्रश्न

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा निघालेला जिल्हा. त्यापूर्वी वसमत, कळमनुरी वा सेनगाव भागातील गर्भवतीवर अवघड प्रसंग ओढवला, म्हणजे तिला परभणीस किंवा नांदेडास न्यावे लागे. औरंगाबादेस १९५६ पासून आणि नांदेडास १९८८ पासून वैद्यकीय महाविद्यालय होते खरे. परंतु गरोदरपणातील आकडी तेवढी उसंत देत नाही. वाढता रक्तदाब बहुधा मुकाट असतो. डोकेदुखी, डोळ्यांपुढची अंधारी, अंगावरची सूज ही लक्षणे कष्टकरी घरात थकव्याच्या खाती जमा होत, आणि प्रत्यक्ष झटके आले म्हणजे ती बाहेरची बाधा समजली जाई.

वास्तविक रक्तदाब मोजण्याची विद्या जुनी आहे. रिव्हा-रोची यांची दंडाला बांधावयाची पट्टी १८९६ ची, तर नाडीचे ध्वनी ऐकून दाब ठरविण्याची कोरोटकॉफ यांची रीत १९०५ ची. झटके थांबविणारा निश्चित उपाय मात्र पुष्कळ उशिरा ठरला. मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये मांडलेली मिश्र औषधयोजना भारतात दीर्घकाळ चालली. १९९५ मध्ये अनेक देशांतील एकत्रित चाचणीने मॅग्नेशियम सल्फेटचे श्रेष्ठत्व सिद्ध केले.

एचआयव्हीचा इतिहास याहून निराळ्या वाटेने आला. भारतात या विषाणूचा शोध १९८६ मध्ये मद्रासेस लागला. झिडोव्ह्युडिन या औषधाने मातेकडून अर्भकाकडे जाणारा संसर्ग पुष्कळ कमी होतो, हे १९९४ मध्ये दिसून आले. पुढे भारतातील कार्यक्रमात नेव्हिरापिनची योजना झाली : प्रसूतीच्या कळा सुरू होताच मातेस २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत अर्भकास एक मात्रा. अनेक बालके या योजनेने वाचली, याबद्दल दुमत नाही. तथापि तिच्या रचनेत स्त्री ही संसर्गाची वाट म्हणून येते. स्वतः रुग्ण म्हणून ती क्वचितच दिसते. एका गोळीने तिच्या आजारास काहीच उतार पडत नव्हता.

याच सुमारास, २००२ मध्ये, लंडनच्या संशोधकांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. उपचार न घेतलेल्या बाधित स्त्रियांत गर्भारपणाचा रक्तदाबविकार अगदी विरळा होता. संयुक्त औषधे घेणाऱ्या स्त्रियांत मात्र तो इतर गर्भवतींप्रमाणेच आढळला. या विकारात मातेच्या प्रतिकारशक्तीचा वारेशी होणारा विरोध कारणीभूत असावा, आणि ती शक्तीच खचली असता विरोधही मंदावत असावा, असा तर्क निघाला. बार्सिलोनाच्या २००६ मधील अभ्यासात गर्भधारणेपूर्वीपासून उपचार घेणाऱ्या स्त्रियांत धोका अधिक दिसला. नंतरच्या मोठ्या संकलनांत असा संबंध एकसारखा आढळला नाही. तेव्हा औषधाला दोष देऊन ते सोडणे हा निष्कर्ष मुळीच निघत नाही. उपचार सोडण्यातला धोका कितीतरी मोठा आहे. उपचाराने आयुष्य परत मिळाले, आणि त्याबरोबर सर्वसामान्य गर्भारपणाची संकटेही परत आली, एवढेच फार तर म्हणता येईल.

भारतात १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीस आजन्म उपचार देण्याचे धोरण आले. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींच्या विशेष तपासणीची प्रथा सुरू झाली. पण ऊसतोडीस गेलेल्या मराठवाडी कुटुंबाचा मुक्काम तारखेवर ठरत नाही, फडावर ठरतो. शिवाय विषाणूची नोंद एका वहीत, रक्तदाबाची दुसऱ्या वहीत. बदनामीच्या भयाने स्त्री पहिली वही दुसरीच्या जागी दाखवीत नाही. तिला यात दोष देणे अन्यायाचे होईल.

परंतु या दोन वह्यांचा मेळ न बसल्यास वैद्याचीच फसगत होते. लघवीतील प्रथिन हे रक्तदाबविकाराचे लक्षण. तेच एचआयव्हीमुळे मूत्रपिंडास झालेल्या इजेचेही असू शकते, आणि टेनोफोव्हिर या औषधानेही उद्भवू शकते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविणारे एर्गोमेट्रिन रक्तदाब चढविते; रुग्ण रिटोनाव्हिरयुक्त औषधे घेत असल्यास ते रक्तवाहिन्या घातक रीतीने आकुंचित करते. २०२४ मध्ये हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्यामुळे नांदेडची वाट काही अंशी टळेल. पण रात्री कळा देत आलेल्या स्त्रीस सुई टोचण्यापूर्वी ती कोणती गोळी घेते, हे तिला एकांतात आणि सौम्यपणे विचारावेच लागेल.