मजुमदारांच्या वाड्यातले तीन दिवस

श्रीअरविंदांचे नाव निघाले की आपल्याला बंगाल आठवतो, नाहीतर पाँडिचेरी. पण त्यांच्या ऐन उमेदीची तेरा वर्षे एका मराठी दरबाराच्या छायेत गेली, आणि त्यांच्या तत्त्वज्ञानाला ज्या अनुभवाने वळण दिले तो त्यांना एका मराठी माणसाच्या सांगण्यावरून आला, हे आपल्या घरांतून फारसे कोणी बोलत नाही.

1893 साली, चौदा वर्षे विलायतेत काढून, वीस वर्षांचे अरविंद घोष सयाजीराव महाराजांच्या चाकरीत बडोद्यास आले. ग्रीक-लॅटिनमध्ये पारंगत, पण मातृभाषा धड बोलता येत नाही, अशी त्यांची स्थिती. बंगाली नीट यावी म्हणून 1898 त दिनेंद्रकुमार राय यांना मुद्दाम बोलवावे लागले. मराठी मात्र बडोद्याच्या रोजच्या व्यवहारातच कानावर पडत होती. केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे मुंबईत ‘इंदुप्रकाश’चे इंग्रजी अंग पाहत. त्यांच्या आग्रहावरून अरविंदांनी काँग्रेसवर अशी जळजळीत लेखमाला लिहिली की खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केले.

पुढे 1906 त ते कलकत्त्यास गेले आणि राजकारणात पडले. 1907 च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस फुटली. जोड्यांची फेकाफेक आणि खुर्च्यांची मोडतोड झालेल्या त्या मंडपातून अरविंद निघाले ते बडोद्यास आले. योगाभ्यासात आपण अडलो आहोत, कोणी वाटाड्या हवा, असे त्यांनी धाकटे बंधू बारींद्र यांना सांगितले होते. बारींद्रांनी ज्यांना बोलावून घेतले ते विष्णू भास्कर लेले. विद्वत्तेत त्यांची अरविंदांशी तुलनाच नव्हती. तरीही तो केंब्रिजचा पंडित मुकाट्याने त्यांच्यापुढे बसला, याचे मला लेल्यांच्या सिद्धीपेक्षाही अधिक नवल वाटते.

भेट झाली खासेराव जाधवांच्या घरी. एकांतासाठी निवडली सरदार मजुमदारांच्या वाड्यातली वरची खोली. काळ 1908 च्या जानेवारीच्या आरंभीचा. बाहेर गावोगावचे लोक या पुढाऱ्याच्या व्याख्यानासाठी खोळंबलेले, आणि आत लेले त्यांना एवढेच सांगत होते की विचार करू नका, नुसते पाहा. विचार आपल्या आत उपजत नाहीत, बाहेरून येतात. आत शिरण्यापूर्वीच त्यांना परतवून लावा. अरविंदांनी तसे केले. तीन दिवसांत मन निवांत झाले, आणि सगळे जग पडद्यावरच्या चित्रांसारखे पोकळ भासू लागले.

गंमत अशी की हा शांत, निर्गुण ब्रह्माचा अनुभव ना शिष्याला हवा होता, ना गुरूला अपेक्षित होता! शिवाय पुढ्यात व्याख्याने होती. मन रिकामे झाल्यावर बोलायचे काय? लेल्यांनी सांगितले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा. 19 जानेवारीस मुंबईच्या महाजनवाडीत अरविंदांनी नमस्कार केला, थांबले, आणि भाषण आपोआप आले.

याच ठिकाणी त्यांच्या तत्त्वज्ञानाचे बीज आहे असे मला वाटते. मन थांबले तरी जाणीव थांबली नाही. उलट अधिक लख्ख झाली. तेव्हा मन म्हणजे जाणिवेचे उगमस्थान नव्हे, वाटेतला एक टप्पा. मायावादी तिथेच थांबून जग खोटे म्हणाला असता. अरविंद थांबले नाहीत. अलीपूरच्या खटल्यात तुरुंगवास झाला, 1909 च्या मे महिन्यात सुटका झाली, 1910 त ते पाँडिचेरीस पोचले. आणि 1914 च्या 15 ऑगस्टपासून 1921 च्या जानेवारीपर्यंत ‘आर्य’ मासिकात त्यांनी आपला विचार मांडला. ‘दिव्य जीवन’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ त्यातलाच. सेनापती बापटांनी पुढे तो मराठीत आणला.

परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा विचार चटकन उमजेल. तिच्या पायऱ्या चक्राकार फिरत पाण्यापर्यंत उतरतात, आणि वर यायचे तेही त्याच पायऱ्यांनी. अरविंद म्हणतात, चैतन्य आधी पायरीपायरीने जडात उतरले आहे, म्हणून तर जडातून प्राण आणि प्राणातून मन वर येऊ शकले. डार्विनने शरीरे कशी बदलतात ते दाखवले. 1907 त बर्गसाँने त्या बदलामागे एक प्राणशक्ती कल्पिली. अरविंदांचा प्रश्न त्याहून मागचा होता. जे मुळात नव्हतेच ते वर येईल कसे? आणि मनापर्यंत चढलेला जिना मनाशीच का संपावा? वरच्या पायरीला त्यांनी अतिमानस म्हटले. आजचे जीवशास्त्र उत्क्रांतीला असे ध्येय मानत नाही, आणि अतिमानसाची ग्वाही प्रयोगशाळा देऊ शकत नाही. पण जडातून जाणीव कशी आली, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर तिलाही अजून देता आलेले नाही.

लेल्यांचे पुढे काय झाले? 1908 च्या फेब्रुवारीत ते कलकत्त्यास गेले. ठरल्या वेळी ध्यान करता ना, असे त्यांनी विचारले. अरविंद म्हणाले, नाही. त्यांचे ध्यान आता अखंडच चालले होते. लेल्यांनी ते कारण जाणले नाही आणि सैतानाने तुम्हांला गाठले आहे असे बजावले. सैतान असेल तर त्याच्याच मागे जाईन, असे शिष्याचे उत्तर होते. तिथे दोघांच्या वाटा फुटल्या. तरी पुढे शिष्यांशी बोलताना श्रीअरविंद लेल्यांचे ऋण मोकळेपणाने सांगत असत.