जर्मनीतील पदव्युत्तर शिक्षण (परदेशी विद्यार्थ्यांसाठी)

जर्मनीतील मास्टर्स पदवी साधारणपणे चार सत्रांची असते. बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. सत्रागणिक किरकोळ वर्गणी भरावी लागते. अपवाद महत्त्वाचे आहेत. बाडेन-व्यूर्टेम्बर्ग हे राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेते आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केले आहे.

शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे मात्र नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम गोठवलेल्या खात्यात आधी दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे आणि दरमहा ९९२ युरोच काढता येतात. मध्यमवर्गीय घरासाठी खरा अडसर हाच. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती येथे मोठा आधार देऊ शकते.

भारतीय अर्जदारांना नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपीएस’ हे प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे पत्र लागते. भारतीय गुण १ ते ४ या जर्मन श्रेणीत बदलले जातात. तेथे १ सर्वोत्तम, ४ जेमतेम उत्तीर्ण.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घर शोधणे, नगरपालिकेतील नोंदणी आणि पुढची नोकरी जर्मनविना अवघड जाते. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये निघण्याआधीच भाषा शिकावी, हे आग्रहाने सांगायला हवे. शिकत असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा निवासपरवाना मिळतो.